बाबांची बॅग कोण उचलणार?

ताई, मी स्कॉटलंडमध्ये डंडीला नर्स आहे. आई-बाबा पुण्यात असतात. बाबा 67 वर्षांचे. बाराव्या वर्षापासून ते गोल्फच्या मैदानावर कॅडी होते, म्हणजे खेळणाऱ्यांची बॅग उचलणारे आणि त्यांना सल्ला देणारे; शेवटची काही वर्षं कॅडीमास्तर, कॅडींचे मुकादम. सोमवारी मैदान सभासदांना बंद असायचं, तेव्हा कॅडी लोक खेळायचे, आणि त्यात बाबांचा हात कुणी धरू शकत नसे. चार वर्षांपूर्वी मधुमेहापायी त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. जयपूर फूट लावून घरात, गल्लीत फिरतात. लांब जायचं तर व्हीलचेअर लागते, पण तिचं नाव काढलं की चेहरा पडतो. येत्या जूनमध्ये दोघं सहा आठवडे माझ्याकडे येताहेत. गोल्फचं माहेर म्हणून बाबा ज्याचं नाव जन्मभर ऐकत आले, ते सेंट अँड्र्यूज माझ्या घरापासून बसने पाऊण तासावर आहे. त्यांना न सांगता एक दिवस तिथे न्यावं आणि ओल्ड कोर्स या तिथल्या नावाजलेल्या मैदानावर खेळवावं, असं माझ्या डोक्यात आहे. पण तिथे म्हणे हँडिकॅपचं, म्हणजे खेळात किती तयार आहात त्याचं, सर्टिफिकेट लागतं. सहज विषय काढला तर बाबा म्हणाले, "हँडिकॅपचं सर्टिफिकेट? आहे की, सरकारनं दिलंय!" आणि थोड्या वेळाने, "ते साहेब लोकांचं गं, आपलं काय काम तिथे." दादा म्हणतो, एवढे पैसे घालून त्यांना त्यांचं दुखणंच दाखवायला नेतेस का? काय करू?
डंडीहून एक लेक

डंडीच्या लेकी,

सरकारी सर्टिफिकेटचा विनोद वाचून मी मोठ्यांदा हसले, आणि पुढच्या वाक्याला हसू विरलं. बग्गी (मैदानावर फिरायची छोटी गाडी), पायऱ्या, टॉयलेट यावर मी पुढे भरपूर बोलणार आहे, तो माझा आवडता विषय आहे. घरात पक्षाघाताचा पेशंट असला की माणूस देवळात गेला तरी आधी पायऱ्या मोजतो. पण "ते साहेब लोकांचं" हे आधी निस्तरू. पुण्यात ते खरं असेल. सेंट अँड्र्यूजला ते खरं नाही, आणि हे बाबांना तुझ्याकडूनच कळायला हवं.

ओल्ड कोर्सच्या पहिल्या टीमागे, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेमागे, जी भारदस्त दगडी इमारत सगळ्या फोटोंत दिसते, ती रॉयल अँड एन्शंट क्लबाची. तो क्लब खासगी, 1754 सालचा, आणि बायकांना सभासद करून घ्यायला त्याला 2014 साल उजाडलं. म्हणजे साहेब लोक तिथे आहेतच. पण मैदान त्यांच्या मालकीचं नाही. ओल्ड कोर्स धरून तिथली सात मैदानं एक सार्वजनिक ट्रस्ट चालवतो, 1974 साली ब्रिटिश संसदेने कायदा करून नेमलेला. पैसे भरून कुणीही खेळावं. ट्रस्टचं क्लबहाउस वेगळं आहे, तिथे सभासदत्व विचारत नाहीत. मी काही गोल्फ खेळणारी नाही, तरी तिथे खिडकीशी बसून तासभर सूप पीत होते. कुणी हटकलं नाही. सूप बेताचंच होतं.

आणि रविवार! रविवारी ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो, एखादी मोठी स्पर्धा असेल तेवढाच अपवाद. त्या दिवशी ते मैदान गावाचं असतं. बाबागाड्या, कुत्री, हातात हात घालून चाललेली म्हातारा-म्हातारी, सगळे जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या गवतावरून आरामात फिरत असतात. तुझ्या बाबांचा जसा सोमवार, तसा तिथला रविवार. फक्त तिथे तो चोरून मिळाल्यासारखा नसतो.

टॉम मॉरिस हे नाव बाबांना नक्की ठाऊक असेल. नसेल तर सांग. 1821 साली त्याच गावात, हातमागावर विणणाऱ्याच्या घरी जन्मलेला हा माणूस. पोरवयात एका चेंडू बनवणाऱ्याच्या हाताखाली उमेदवारीला लागला. तेव्हा कातड्याच्या पिशवीत पिसं ठासून चेंडू शिवत. पुढे त्याने ओपन ही गोल्फची मानाची स्पर्धा चार वेळा जिंकली आणि कितीतरी वर्षं ओल्ड कोर्सची राखण केली, म्हणजे आपल्या भाषेत हेड माळीच. साहेबांच्या क्लबात त्याच्यासारख्यांना सभासद म्हणून जागा नव्हती. आज ओल्ड कोर्सच्या अठराव्या होलला, म्हणजे खेळाच्या शेवटच्या टप्प्याला, नाव आहे ते त्याचं. 86 वर्षं जगला आणि 1908 साली गेला तो एका क्लबातल्या जिन्यावरून पडून. बघ, जिने तेव्हापासून आपल्या वैरावर आहेत.

आता तुझं ते 'न सांगता'. नको. अजिबात नको. मी हे एकदा केलेलं आहे. आमच्या ह्यांना डाव्या अंगाचा झटका आल्यानंतर पहिल्या वर्षी मी आणि मुलानं गुपचूप त्यांच्या जुन्या मित्रांसोबत खेळायचा बेत ठरवला. गाडी मैदानाच्या फाटकाशी वळली आणि ते म्हणाले, "परत फिरव." तेवढंच. शरीर बदललेल्या माणसाला तयारीला वेळ लागतो. हातांना नसेल लागत, मनाला लागतो. कुठे बसायचं, कोण बघणार, पहिला फटका हुकला तर काय बोलायचं, हे त्याने आधी मनात दहादा खेळून घेतलेलं असतं. तुझे बाबा तर कॅडी. दुसऱ्याच्या खेळाची तयारी करणं हाच त्यांचा धंदा होता. त्यांच्याच खेळाचा बेत तू त्यांना न विचारता आखणार?

तुझं घर एवढं जवळ आहे, त्याचा फायदा घे. लोक मुंबईहून तीन दिवसांसाठी येतात आणि एका सकाळीवर सगळा जीव टांगून ठेवतात. मग त्याच सकाळी उत्तर समुद्रावरून धुकं चालून येतं. तिकडे त्या धुक्याला 'हार' म्हणतात. पराभवाशी संबंध नाही, पण त्या दिवशी वाटतं तसंच. तुमच्याकडे सहा आठवडे आहेत. तीन-चार खेपा करा, आणि पहिल्या खेपेला खेळूच नका.

पहिली खेप रविवारी. डंडीहून टे नदीचा पूल ओलांडून 99 नंबरची बस थेट जाते. गाडीने गेलात तरी उत्तम. ओल्ड कोर्सच्या पहिल्या आणि अठराव्या होलच्या मधून एक डांबरी रस्ता आडवा जातो, ग्रॅनी क्लार्क्स वाइंड नावाचा. वहिवाटीचा रस्ता आहे, त्यावरून लोक समुद्राकडे जातात. खेळ चालू असतो तेव्हा दोन्हीकडे बघून, खेळाडूंचा फटका होऊ देऊन पटकन ओलांडायचा. रविवारी तीही घाई नाही. मी ह्यांची व्हीलचेअर त्या रस्त्यावर मधोमध थांबवली होती. डावीकडे बघितलं तर फेअरवे (खेळायचा कापलेल्या गवताचा पट्टा), उजवीकडे बघितलं तर फेअरवे, आणि चाकाखाली डांबर. आमच्या सोसायटीच्या फाटकापेक्षा बरं. गंमत म्हणजे चेंडू त्या रस्त्यावर थांबला तर तो तिथूनच, डांबरावरून मारावा लागतो. हे बाबांना सांग. सांगू नकोस, त्यांना माहीत असेल.

दगडी स्विल्कन पूल तिथून दिसतो. फोटोसाठी सगळे त्यावर चढतात. पूल अरुंद आहे, मधोमध उंच आहे आणि दगड गुळगुळीत झालेत. बाबांचा हात धरून चढवता येईल, पण खुर्ची नेऊ नकोस.

त्याच रविवारी जमीन बाबांच्या पायाखालून जाऊ दे, कारण खरा प्रश्न जमिनीचा आहे. समुद्र आणि शेती यांच्या मधली जी वाळूची पट्टी, तिला तिकडे लिंक्स म्हणतात. ना धड पीक, ना घर. मेंढ्या चरायच्या आणि लोक चेंडू मारत हिंडायचे. पोटात वाळू असल्यामुळे पाणी उभं राहत नाही. रात्रभर पाऊस पडला तरी सकाळी चाक रुतत नाही, काठीचं टोक रुतत नाही. गवत आखूड आणि घट्ट. पावसाळ्यातल्या आपल्या मैदानांचा चिखल आठव, मग कळेल हे किती मोठं सुख आहे. डोंगरचढही नाही. पण सपाट समजू नकोस. न झटकलेली गोधडी पसरावी तशी ती जमीन आहे, सगळीकडे सुरकुत्या. चांगला पाय घोट्यातून आपोआप तोल सावरतो. रबरी पायाला ते कळत नाही.

जयपूर फूट मुळात अशाच जमिनीसाठी बनला. 1968 मध्ये जयपूरला कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो घडवला तेव्हा डोळ्यांसमोर शेतात अनवाणी चालणारा, उकिडवा बसणारा माणूस होता. त्यामुळे खडबडीला तो चांगला. चढही जमेल. घात करतो तो उतार. उतारावर तिरकं चालायचं, काठी उताराच्या बाजूला, आणि घाई कुणी करायची नाही. तू पुढे जाऊन "या बाबा, या" करू नकोस. त्यांच्या बरोबरीने चाल.

बाबा उजव्या हाताने खेळतात असं धरून चालते. म्हणजे फटका संपताना सगळा भार डाव्या पायावर येतो, वर तो पाय पिळलाही जातो. गेला आहे नेमका तोच. सॉकेटच्या, म्हणजे उरलेला पाय ज्या वाटीत बसतो तिच्या, आत कातडी घासते ती याच पिळण्याने. म्हणून डावं पाऊल नेहमीपेक्षा जरा बाहेर वळवून उभं राहायचं, झोका अर्धाच घ्यायचा, लांबीचा नाद सोडायचा. ही सवय तिथे जाऊन लावायची नाही. आत्तापासून दोन महिने, गच्चीवर, प्लॅस्टिकच्या पोकळ चेंडूने, आठवड्यातून तीनदा. आधी त्यांच्या फिजिओला आणि पाय बसवून देणाऱ्या तंत्रज्ञाला एकदा दाखवून घ्या. सॉकेट सैल झालं असेल तर ते पुण्यातच दुरुस्त होऊ दे, डंडीत धावपळ नको. विमानात स्टंप, म्हणजे उरलेला पाय, सुजतो, पोचल्यावर पाय बसत नाही. स्टंपचे जाड-पातळ मोजे हँडबॅगेत असू देत. आणि मैदानावर दर दोन-तीन होलनंतर बसून, सॉकेट काढून कातडी बघायची. मधुमेहात दुखत नाही म्हणजे सगळं ठीक, असं नसतं; पण हे मी नर्सला काय सांगतेय. खिशात चिक्की ठेव. एवढं चालल्यावर साखर उतरते.

आता ओल्ड कोर्स. सरळ सांगते, त्याच्या मागे लागू नकोस. तिथे एकट्या त्याच मैदानाला हँडिकॅपचा पुरावा लागतो, खेळातल्या हँडिकॅपचा. ती नोंद ठेवतो क्लब, आणि कॅडीला क्लब कुठला? वर्षानुवर्षं साहेबांना कुठली स्टिक घ्या हे सांगणाऱ्या माणसाकडे तो कागद नाही, यात राग येण्यासारखं बरंच आहे. पण तो राग सेंट अँड्र्यूजच्या खिडकीवर काढून उपयोग नाही. वर दोन दिवस आधी सोडतीत नाव टाका, नंबर लागला तर सीझनमध्ये माणशी 300 पौंडांच्या वर मोजा. शिवाय तिथली रीत चालत खेळायची, बग्गी मिळते ती वैद्यकीय कारणासाठी, आधी कागद दाखवून. आणि 112 बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे! त्यातल्या काहींच्या भिंती माणसाच्या उंचीच्या. पायात पाय असलेले लोक तिथे रडकुंडीला येतात.

शेजारीच बॅल्गोव्ह आहे, नऊ होलचं, सगळे मिळून दीड हजार यार्डांच्या आसपास. हँडिकॅप विचारत नाहीत, फी आवाक्यातली, लहान मुलं आणि नवशिके खेळत असतात, त्यामुळे हळू खेळलं तर मागचा खाकरत नाही. वाळू तीच, वारं तेच, समुद्राचा वासही तोच. तिथून सुरुवात करा. बाबांना जोर आला तर पुढच्या खेपेला स्ट्रॅथटायरम. ते 18 होलचं आहे पण सौम्य, बंकर थोडे. त्यातले नऊ खेळून परत या. अठरा संपवलेच पाहिजेत असं कुणी सांगितलंय?

जूनमध्ये तिथे रात्री दहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. दुपारी चारनंतरची वेळ घ्या, गर्दी ओसरलेली असते. वारं मात्र असणारच. जून म्हणून आईने सुती साड्या आणि बाबांनी अर्ध्या बाह्यांचे शर्ट भरले तर दोघं कुडकुडतील. वारं अडवणारं जाकीट, कानटोपी, आणि स्टंपला ऊब राहील असा एक मोजा वर. आपल्या माणसांना कानटोपी घालायला सांगावं लागत नाही, ती एक सोय.

आणि आता माझ्या आवडत्या विषयाकडे. फोन करून "तुमच्याकडे अ‍ॅक्सेसिबल आहे का?" असं कधीही विचारू नकोस. याचं उत्तर जगात सगळीकडे "हो" असंच येतं. कोकणात एका हॉटेलवाल्याने मला सांगितलं होतं, "एकदम व्हीलचेअर फ्रेंडली आहे मॅडम, फक्त दोनच पायऱ्या." आणि हे आपल्याकडेच होतं असं नाही. ब्रिटनमध्येच, दुसऱ्या एका समुद्राकाठच्या गोल्फ क्लबाने आम्हाला फोनवर ठासून सांगितलं की सगळं अ‍ॅक्सेसिबल आहे. पोचलो. रॅम्प होता, रुंद दार होतं, दारातला माणूस इतका नम्र की विचारू नकोस. दोन तासांनी ह्यांनी टॉयलेट विचारलं तर ते तळघरात. पंधरा पायऱ्या, मी मोजल्या. त्या नम्र माणसाचा चेहरा कानशिलापर्यंत लाल झाला. म्हणाला, आजवर कुणी विचारलंच नाही. शेवटी आम्ही गाडी काढली आणि चार मैलांवरच्या पेट्रोल पंपावर गेलो. ह्यांचा त्या दिवसाचा गोल्फ तिथेच संपला.

म्हणून मोजता येईल असंच विचारायचं. गाडी लावतात तिथून पहिल्या टीपर्यंत किती पावलं, आणि खाली डांबर आहे की खडी? क्लबहाउसच्या दाराला, खाण्याच्या खोलीला, टॉयलेटला प्रत्येकी किती पायऱ्या? मैदानावर मधे टॉयलेट आहे का, आणि त्याला किल्ली लागते का? बग्गी कुठल्या मैदानावर मिळते, ती कुठल्या होलपाशी नेता येत नाही, ग्रीनच्या (चेंडू शेवटी भोकात घालतात त्या हिरवळीच्या) किती जवळ आणू देतात? चालवायला तुमचा माणूस लागतो का? खूप वारं-पाऊस असेल तेव्हा बग्ग्या बंद ठेवता का? हा शेवटचा प्रश्न लोक विसरतात आणि नेमके त्याच दिवशी पोचतात. उत्तरं ईमेलवर लेखी मागव. नर्सच्या भाषेत कारणं सांगत बसू नकोस, "माझ्या वडिलांचा डावा पाय गुडघ्याखाली नाही, काठीने दोनशे मीटर चालतात" एवढं एक वाक्य पुरे. बाबांच्या डॉक्टरांकडून इंग्रजीत एक पत्र घेऊन ठेव. अपंगांच्या पार्किंगचा तिथला निळा बिल्ला तिथल्या रहिवाशांसाठी असतो, पाहुण्यांनी तो धरून चालू नये.

हे सगळं विचारताना उपकार मागतेयस असा सूर लावू नकोस. ब्रिटनमध्ये 2010 च्या समता कायद्याने अपंग ग्राहकासाठी वाजवी ते बदल करणं हे सेवा देणाऱ्याचं काम आहे. आणि खेळाचे नियमही आता बाबांच्या बाजूने आहेत. 1 जानेवारी 2023 पासून गोल्फच्या मुख्य नियमावलीत 25 वा नियम आला, अपंग खेळाडूंसाठी. अंध, अवयव गमावलेले, चाकाच्या खुर्चीवरून किंवा काठीच्या आधाराने खेळणारे, अशा प्रत्येकासाठी काय सवलत ते त्यात लिहिलंय, उदाहरणार्थ चेंडू उचलायला-ठेवायला दुसऱ्याची मदत. पूर्वी हे ज्या त्या मैदानाच्या मर्जीवर असायचं. बाबांसारख्या नियमाच्या माणसाला हे महत्त्वाचं वाटेल. घरच्या खेळात अर्थात तुम्ही आणखी एक नियम करा: चेंडू बंकरमध्ये गेला की हाताने उचलून बाहेर. त्या खड्ड्यात कृत्रिम पायाने उतरायचं नाही. बाबा ऐकणार नाहीत, आईला सांगून ठेव.

व्हीलचेअरवरून चेहरा पडतो म्हणतेस. तो प्रश्न मैदानावर बराचसा सुटतो, कारण तिथे खुर्ची नसते, बग्गी असते. जन्मभर बाबांनी धडधाकट साहेब लोक बग्गीत बसून जाताना पाहिलेत, मागे स्वतः बॅग घेऊन चालत. बग्गीत बसल्याचं त्यांना कमीपण वाटेल असं मला वाटत नाही. उलट पहिल्यांदा बसताना ते जरा ताठ बसतील. बघ तू.

ओल्ड कोर्सला लागूनच एक जागा आहे, तिचं नाव ऐकून आईसुद्धा यायला तयार होईल: हिमालय. खरंच, सगळे 'द हिमालयाज'च म्हणतात. 1867 साली तिथल्या बायकांनी स्वतःचा पटिंग (चेंडू जमिनीवरून हलकेच ढकलून भोकात घालणं) क्लब काढला, आणि त्यांच्यासाठी ही हिरवळ आखून दिली ती टॉम मॉरिसनेच. बायकांनी खांद्याच्या वर स्टिक उचलून फटका मारणं तेव्हा शोभत नसे म्हणे, म्हणून फक्त पटिंग. अजूनही तो क्लब बायकाच चालवतात, आणि उन्हाळ्यात सभासदांच्या वेळा सोडून थोडेसे पौंड देऊन कुणीही खेळू शकतं. पटर आणि चेंडू तिथेच मिळतो. पण नाव उगाच नाही. हिरवळीवर एवढाले उंचवटे आहेत की चेंडू वर जाऊन परत पायाशी येतो. व्हीलचेअर तिथे नेणं कठीण, काठी आणि कुणाचा तरी खांदा घेऊन हळूहळू जमेल. नाहीच जमलं तर बाबांना कडेला बाकावर बसव आणि तू नि आई खेळा. कुठून किती वळेल ते ते बसल्या जागेवरून सांगतील. आमच्या वेळी मी खेळले आणि हे सांगत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचं सगळं ऐकलं.

पलीकडे वेस्ट सँड्स, जवळजवळ तीन किलोमीटरची पुळण. वाळूत चालणाऱ्या फुगीर चाकांच्या खुर्च्या तिथे आधी सांगून ठेवल्या तर मिळतात. खारं पाणी आणि वाळू कृत्रिम पायात गेली की त्रास होतो, तेव्हा पाय काढून पिशवीत, आणि बाबा खुर्चीत. की नको, ते त्यांनाच ठरवू दे.

दादाला काय सांगायचं? पैशाचं उत्तर वर आलंच: बॅल्गोव्ह, हिमालय आणि बसचं तिकीट यात दिवाळं निघत नाही. दुखणं दाखवायला नेण्याचं म्हणशील तर दुखणं बाबांना रोज सकाळी मोजा चढवताना दिसतंच, त्यासाठी स्कॉटलंड लागत नाही. दादा पुण्यात त्यांच्या जवळ राहून सगळं करतो, हे मात्र विसरू नकोस. लांबून आलेल्या बहिणीने एक मोठा दिवस साजरा करायचा आणि रोजच्या ड्रेसिंगची पाळी भावाची, यातून घराघरांत कुरबुर होते. गच्चीवरच्या सरावाचं काम दादाकडे दे. चेंडू गोळा करून आणायला कुणी तरी लागणारच.

पैसे खर्चच करायचे असतील तर एका गोष्टीवर कर. खेळायच्या दिवशी बाबांसाठी एक कॅडी घे. पहिल्या टीजवळच कॅडींची खोली आहे. कुठल्या मैदानासाठी माणूस मिळेल ते आधी विचार, फी आधी ठरव. त्या माणसाला एवढंच सांग की माझे वडील पुण्यात कॅडीमास्तर होते. बाकीचं ते दोघं बघतील. भाषेची काळजी करू नकोस. त्या लोकांचं इंग्रजी लंडनच्या लोकांनाही कळत नाही, आणि बाबांना गोल्फचं जेवढं इंग्रजी लागतं तेवढं चांगलं येतं. बाबा सवयीने बॅगेला हात घालतील, तेव्हा तू मध्ये पडू नकोस. आणि संध्याकाळी त्या माणसाला बक्षिसी किती द्यायची हे बाबांवर सोड. त्यात त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं.

विमा काढताना मधुमेह आणि पाय दोन्ही लिहा, लपवू नका. विमानतळावर व्हीलचेअर तिकिटाबरोबरच सांगून ठेवा. तिथे बाबा नाही म्हणाले तरी घ्याच, कारण मुंबईच्या इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहून स्टंप दुखावला तर पहिला आठवडा गेला.

आता राहिलं त्यांना विचारणं. व्हिडिओ कॉल करू नकोस, त्यावर बाबा लोक कॅमेऱ्याकडे बघून "हो हो, बघू" म्हणतात आणि फोन आईकडे देतात. साधा फोन लाव, संध्याकाळचा चहा झाल्यावर. सेंट अँड्र्यूजचं नाव घेऊ नकोस आधी. नुसतं विचार, "बाबा, त्या ओल्ड कोर्सवर एका ग्रीनवर दोन-दोन झेंडे कसे काय असतात, एक पांढरा आणि एक लाल?" सात ग्रीन तशा जोडीच्या आहेत, जाताना पांढरा, येताना लाल. ते तुला समजावून सांगतील, दहा मिनिटं तरी. सांगून झालं की जरा गप्प होतील. तेव्हा विचार.

आणि हो म्हणाले तर लगेच छातीचं माप घे. जाकीट तिकडूनच घ्यायचंय.